वडिलांचा वस्तरा

वडिलांची दाढी हा आमच्या घरातला रविवारचा पहिला विधी होता. मिस्सेची पहिली घंटा होण्याआधी ते अंगणातल्या निंबाखाली स्टूल मांडून बसत. झाडाच्या खोडाला मारलेल्या खिळ्यावर आरसा अडकवलेला असे, शेजारी गरम पाण्याची पितळी वाटी. साबणाचा फेस गालांवर पुरेसा मुरला, की ते खिशातून वस्तरा काढीत आणि निंबालाच बांधलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर तो वर-खाली ओढू लागत. त्या आवाजात एक लय होती. तेवढ्या वेळात आम्हा भावंडांना बोलण्याची, पळण्याची, इतकेच काय शिंकण्याचीही बंदी असे. प्राथमिक शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांना आम्ही चांगलेच भीत असू. परंतु ते स्वतः कशाला तरी भीत आहेत, जपून आहेत, असे दृश्य आम्हांला आठवड्यातून एकदाच आणि तेवढ्याच दहा मिनिटांत दिसे.

तो वस्तरा मूळचा आजोबांचा. दुसऱ्या महायुद्धात ते फौजेबरोबर इटलीत होते आणि परतताना ज्या चार वस्तू त्यांनी घरी आणल्या, त्यांत हा एक. पात्याच्या मानेवर बारीक अक्षरांत ‘सोलिंगन’ असे कोरलेले आहे. जर्मनीतील वुपर नदीकाठचे हे गाव तलवारी, सुऱ्या आणि वस्तरे यांसाठी काही शतके प्रसिद्ध आहे. त्या नावाचा गैरवापर होऊ नये म्हणून १९३८ साली जर्मनीत खास कायदाच झाला. इंग्लंडमधील शेफिल्ड आणि जर्मनीतील सोलिंगन ही दोन नावे आपल्याकडील जुन्या न्हाव्यांना आपल्या तालुक्याच्या गावाइतकी परिचयाची होती.

वडील २०११ साली गेले. काही वर्षांनी जुने घर पाडायचे ठरले, तेव्हा बहिणीने एका पत्र्याच्या डबीत घालून तो वस्तरा माझ्या हाती दिला. “तूच एक आहेस ज्याच्या गळ्यापाशी पोरंबाळं येऊन धक्का देणार नाहीत,” असे ती हसत म्हणाली. धर्मगुरूच्या एकांतवासाचा असाही एक उपयोग असतो!

खरे सांगायचे तर वस्तऱ्याशी माझा काहीच संबंध नव्हता. नागपूरच्या सेंट चार्ल्स सेमिनरीत आम्ही सारे पत्ती घालायच्या यंत्राने दाढी करीत असू. पूर्वी धर्मगुरुपदाच्या वाटेवर पहिले पाऊल टाकताना बिशप उमेदवाराचे केस विधिपूर्वक कापीत. तो विधी पोप पॉल सहावे यांनी १९७२ साली बंद केला, आणि मी सेमिनरीत गेलो ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी. त्यामुळे ख्रिस्तसभेनेही माझ्या केसांवर कधी धारदार वस्तू धरली नाही. पुढे पुढे तर वापरून फेकायची प्लास्टिकची यंत्रे आली आणि दाढी ही दात घासण्याइतकी बिनविचाराची गोष्ट होऊन गेली.

अशा माणसाने हाती वस्तरा आल्यावर जे करायचे तेच मी केले. पाते थोडे गंजले होते, धार गेली होती. हार्डवेअरच्या दुकानातून सुताराचा कुरुंदाचा दगड आणला. आईला विळा पाजवताना पाहिले होते. त्याच पद्धतीने वस्तऱ्याची पाठ उचलून, धार दगडावर दाबून, मी तासभर घासत बसलो. मनात वडील होते, डोळ्यांत थोडे पाणीही होते आणि त्या भावनेच्या भरात हाताचा जोर वाढतच गेला. शेवटी पाते उजेडाकडे धरले तेव्हा धारेत तीन खाचा दिसल्या. सर्वांत मोठी खाच बाजरीच्या दाण्याएवढी होती. वर्षानुवर्षे दोन माणसांनी राखलेली वस्तू मी एका दुपारी बिघडवली होती. मी ती डबीत ठेवली, डबी कपाटात ठेवली आणि वर्षभर त्या कपाटाचा तो खण उघडला नाही.

२०२१ सालापासून माझ्या धर्मग्रामातील एका कुटुंबासाठी मला तिवसा तालुक्यात महिन्यातून एकदा जावे लागे. अमरावतीहून नागपूरकडे निघाले, की वाटेत गुरुकुंज मोझरी लागते. सेमिनरीच्या दिवसांत एस.टी.च्या खिडकीतून हे गाव मी अनेकदा पाहिले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी १९३५ साली येथे आश्रम स्थापन केला आणि १९६८ साली येथेच देह ठेवला. वऱ्हाडातल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. मात्र बसमधून खाली उतरून मी कधी तेथे पाय ठेवला नव्हता. एकदा जेवताना त्या कुटुंबातील गृहस्थांजवळ वस्त्याची, म्हणजे माझ्या मूर्खपणाची, गोष्ट निघाली. ते म्हणाले, “फादर, मोझरीत एक म्हातारे म्हाली आहेत. त्यांना दाखवा.” आमच्या भागात न्हाव्याला म्हाली म्हणतात, हे इतर भागांतील वाचकांसाठी सांगून ठेवतो.

बाबाजी (मी त्यांना याच नावाने हाक मारीत असे आणि येथेही तेच पुरे) तेव्हा पंचाहत्तरी ओलांडलेले होते. घरापुढच्या ओट्यावर त्यांची एक खुर्ची होती. भिंतीवर संत सेना महाराजांचे आणि तुकडोजी महाराजांचे चित्र, खालच्या फळीवर ‘ग्रामगीते’ची विटलेली प्रत. धंदा त्यांनी जवळजवळ सोडला होता. एड्सची भीती पसरल्यावर नव्वदीच्या दशकात त्यांनीही इतरांप्रमाणे अर्धी पत्ती घालायचा वस्तरा घेतला. दर गिऱ्हाइकाला नवी पत्ती, म्हणजे धार लावण्याचा प्रश्नच मिटला. पुढे २०२० साली टाळेबंदी आली. जूनअखेर महाराष्ट्रात केशकर्तनाची दुकाने उघडली, तीही केस कापण्यापुरती. दाढीला आरंभी मनाईच होती. त्या काळात त्यांनी आवरते घेतले. नातू अमरावतीत सलूनमध्ये काम करीत होता. जुन्या वस्तऱ्यांची धोकटी खुंटीला टांगलेली होती.

“जय गुरू,” म्हणून त्यांनी मला खुर्ची दिली. मी डबी उघडली. त्यांनी चष्मा लावला, पाते उजेडात तिरपे धरले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत.

“कोनं केलं जी हे?”

मी सांगितले. त्यांनी वस्तरा मिटला आणि मला परत दिला.

“बापाच्या वस्तऱ्यावर हात शिकाचा नसते, फादर. याले आता ठेवा. आधी भंगारातला एक आना. तो बिघडला त कोनी रडत नाई.”

मला वाटले होते, ते दोन तासांत धार लावून देतील आणि मी त्यांच्या हातावर काही पैसे ठेवीन. त्यांनी तसे केले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

अमरावतीच्या इतवारा बाजारात जुन्या लोखंडाचा ढीग घेऊन बसलेल्या एका विक्रेत्याकडून मी साडेचारशे रुपयांत तीन वस्तरे घेतले. एकाची मूठ हस्तिदंतासारखी पिवळसर पांढरी होती आणि माझा जीव तिच्यात अडकला होता. दुसरा रुंद आणि भारदस्त. तिसऱ्याची मूठ फुटकी, तारेने बांधलेली. तो विक्रेत्याने जवळजवळ फुकटच दिला होता. मी तिन्ही वस्तरे ओट्यावर ओळीने मांडले.

बाबाजींनी मुठींकडे पाहिलेसुद्धा नाही. मूठ काही दाढी करीत नाही, एवढेच म्हणाले. पांढऱ्या मुठीच्या वस्तऱ्याची धार त्यांनी अंगठ्याच्या ओल्या नखावरून अलगद सरकवली आणि टोकाजवळ थांबले. मला भिंग देऊन पाहायला सांगितले. धारेपासून पात्यात चढलेली, केसाहून बारीक अशी एक चीर होती. अशी चीर घासून जात नाही. जितके घासावे तितकी ती आत सरकते आणि एक दिवस गालावर तुकडा निखळतो. रुंद वस्तरा त्यांनी आरशाच्या काचेवर आडवा ठेवला आणि बोटाने हलकेच दाबला. तो डुगडुगला. पाते पिळलेले होते. शिवाय कोणीतरी वर्षानुवर्षे एकच बाजू जास्त घासल्याने पाठही एका अंगाने खाल्ली गेली होती. “याची पाठ गेली. पाठ गेली त मंग धारेले आधार नाई.”

राहिला तो तारेने बांधलेला. त्याच्यावर गंज होता, पण पात्याच्या पोटावर. धारेपाशी गंजाचे खड्डे नव्हते. पोटावरच्या डागाने रूप जाते, धारेतल्या खड्ड्याने वस्तराच जातो, हा त्यांचा पहिला धडा. धार सरळ, किंचित बाहेर झुकलेली होती. मध्येच आत खोलगट झालेली असती तर ती गालाला नीट टेकली नसती. टोक गोल होते. कोनदार टोकाचा वस्तरा मिशीच्या कडेला चांगला चालतो, पण नवशिक्याच्या हातात तो आधी कान शोधतो. रुंदी पाच सूत. सुतार-लोहार ज्याला सूत म्हणतात तो इंचाचा आठवा भाग, आणि जगभर वस्तऱ्याचे माप याच आठव्या भागांत मोजतात हे मला नंतर कळले. पाच सुतांचा वस्तरा हाताला जड होत नाही आणि नाकाखालीही मावतो. शेवटी त्यांनी नखाने धारेला हलकी टिचकी दिली. दोन्ही पोटे आतून कोरलेल्या त्या पातळ पात्यातून स्वच्छ ‘टिण्’ असा सूर निघाला. बाबाजी प्रथमच हसले.

तेवढ्यावर वस्तरा दगडाला लागेल असे मला वाटले. परंतु आधी दगडाचीच पाळी होती. त्यांच्या धोकटीतला काळसर करडा निसणा मधून घासून खोलगट झाला होता. सरळ धार वाकड्या दगडावर सरळ राहत नाही. मी दगडावर पेन्सिलने आडव्याउभ्या रेघा मारायच्या, काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून त्यावर दगड घासायचा, आणि सगळ्या रेघा एकाच वेळी पुसल्या जाईपर्यंत थांबायचे नाही. कडेच्या रेघा लगेच जात, मधली रेघ जात नसे. महिन्यातली एक भेट, अशा दोन भेटी केवळ दगड सपाट करण्यात गेल्या. मी एकदा घड्याळाकडे पाहिले, तर म्हणाले, “तुमची पूजा अर्ध्या तासात होते काय जी?” मी म्हणालो, रविवारी तास लागतो. “मंग?”

धार लावण्याची क्रिया सांगायला सोपी आहे. वस्तरा पूर्ण आडवा ठेवायचा. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकल्या पाहिजेत. आईच्या विळ्याला कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्याला तो घडवणाऱ्याने आधीच दिलेला असतो. पाठीची जाडी हाच तो कोन. पाठ उचलली, की आपण कारागिराहून शहाणे झालो. मी वडिलांच्या वस्तऱ्याला नेमके हेच केले होते. दगडावर पाणी टाकून धार पुढे ठेवून सरकवायचे, टोकाशी आल्यावर पाते पाठीवर उलटायचे, धारेवर कधीही नाही, आणि तसेच परत यायचे. चामोट्यावर मात्र सगळे उलट: पाठ पुढे, धार मागून. तेथे धार पुढे गेली तर चामडेच कापले जाते. मीही एकदा कापले आणि बाबाजींनी ती चीर तशीच राहू दिली. प्रत्येक वेळी तेथून वस्तरा नेताना आठवण राहावी म्हणून.

अवघड होता तो जोर. “वजन वस्तऱ्याचंच असू द्या. तुमचं नोका टाकू.” हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल! मला वाटे मी जोर लावतच नाही. मग ते माझ्या मनगटाखाली आपली दोन बोटे ठेवीत आणि मला माझाच भार कळे. दाबले की पातळ पाते वाकते, धार दगडावरून उचलली जाते किंवा मधेच अधिक खाल्ली जाते. योग्य हात पडला तर पात्यापुढचे पाणी धारेवर चढताना दिसते आणि पाते दगडाला किंचित चिकटल्यासारखे वाटते. तो स्पर्श मला पहिल्यांदा मिळाला तेव्हा मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिले, आणि तेवढ्यात तो गेला.

धार आली की नाही हे ओळखण्याची त्यांची रीत मला फार आवडली. ते दिव्याखाली पाते उभे धरीत, धार डोळ्यांकडे करून. जेथे धार चमकते, तेथे ती बोथट. चमकण्यासाठी प्रकाशाला पडायला जागा लागते, मग ती केसाएवढी का असेना. खऱ्या धारेला तेवढीही रुंदी नसते, म्हणून ती दिसतच नाही. आम्ही दोघे चमकणारे ठिपके शोधीत असू आणि एकेक विझवीत असू.

२०२२च्या ऑक्टोबरमध्ये मी गेलो तो दिवस पुण्यतिथी महोत्सवातला मुख्य दिवस निघाला. लक्षातच आले नव्हते. रस्त्यावर भगव्या टोप्यांची आणि पताकांची दाटी, गाडी लांब उभी करून चालत जावे लागले. एवढ्या गर्दीतही बाबाजी ओट्यावर होते आणि दगड भिजवून तयार होता. मी काम करू लागलो. अचानक त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. चार वाजून अठ्ठावन्न मिनिटे झाली होती. महाराजांच्या निर्वाणाची ती वेळ. रस्त्यावरचा सगळा आवाज थांबला. गाड्या, फेरीवाले, खंजिऱ्या, सारे काही. आम्ही उठून उभे राहिलो. लाखभर माणसांची शांतता कशी असते हे मी त्याआधी अनुभवले नव्हते. माझ्या हातातल्या पात्यावरून पाण्याचे थेंब ओट्यावर पडत होते, तेवढाच आवाज. मग एकदम गजर झाला आणि बाबाजी खाली बसत म्हणाले, “पुसा तो. गंजन.”

त्या संध्याकाळी त्यांनी मला विचारले, “तुमच्यात हाय काय कोनी न्हावी संत?” मी त्यांना संत मार्टिन दे पोरेस यांच्याविषयी सांगितले. पेरू देशातल्या लिमा शहरात १५७९ साली जन्मलेला, काळ्या आईचा मुलगा. बारा वर्षांचा असताना एका न्हाव्याकडे उमेदवारीला राहिला. त्या काळी न्हावी दाढीबरोबर जखमाही बांधीत, रक्तही काढीत. पुढे मठात राहून त्याने तेच हात रोग्यांच्या सेवेला लावले आणि १९६२ साली पोप योहान तेविसावे यांनी त्याला संतपद दिले. बाबाजींनी सगळे लक्षपूर्वक ऐकले. नंतर सेना महाराजांच्या चित्राकडे बोट करून म्हणाले, “मंग यायची ओळख असन.”

तारेने बांधलेल्या वस्तऱ्याने मी २०२३च्या जानेवारीत स्वतःची दाढी केली. गरम पाण्याने केस चांगले भिजवले, पाते गालाशी तिरपे धरले, दुसऱ्या हाताने कातडी ताणली. पहिल्याच ओढीला अंगावर काटा आला. हनुवटीवर दोन ठिकाणी रक्त निघाले आणि त्या दिवशीच्या मिस्सेला पहिल्या बाकावरची एक मुलगी माझ्या हनुवटीवरून डोळे हलवीना. तरीही पुढचे सहा महिने मी दुसरे काही वापरले नाही.

त्यानंतरच बाबाजींनी डबी मागितली. खाचा काढायच्या म्हणजे मोठ्या खाचेच्या तळापर्यंत सगळी धार मागे घ्यायची. पाऊण सूत पोलाद जाणार होते. “आजोबाच्या येळचं लोखंड हाय. जीव होते काय तुमचा?” जीव होत नव्हता. तरी घासले. बाजूंना पाणी काळे होऊन वाहत होते. ते आजोबा आणि वडील यांनी जपलेले पोलाद होते, आणि माझ्या त्या एका दुपारची किंमतही. किती बैठका झाल्या ते मोजले नाही. पावसाळा गेला. वस्तरा आता पाच सुतांहून थोडा अरुंद आहे आणि ‘सोलिंगन’मधले शेवटचे अक्षर पुसट झाले आहे.

गेल्या वर्षी बाबाजींच्या हाताला कंप सुटला. चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागे. एकदा गेलो तर दाढीचे पांढरे खुंट चांगले आठ-दहा दिवसांचे वाढले होते. मी काही विचारण्याआधीच ते म्हणाले, “नातू करते. चांगला करते. पन मले त्या पत्तीचं आंग लागत नाई.” मग खुर्चीकडे पाहून, जणू सहज, “आनला हाय काय तुमी?”

वस्तरा माझ्या झोळीतच होता. मी तो स्पिरिटने पुसला, चामोट्यावर ओढला, ती जुनी चीर चुकवून. त्यांच्या सुनेने गरम पाणी आणून दिले. साठ वर्षे ज्या खुर्चीमागे ते उभे राहिले, त्या खुर्चीत ते बसले, मान मागे टाकली आणि डोळे मिटले. म्हाताऱ्या माणसाची कातडी ताणली तरी घडीत परत जाते, गळ्याचे हाड प्रत्येक आवंढ्याबरोबर वर-खाली होते. माझ्या स्वतःच्या गळ्यावर मी कधी इतका घाबरलो नव्हतो. त्यांचे मस्तक मात्र खुर्चीच्या पाठीवर अगदी सैल पडले होते. मला निंबाखालची ती बंदी आठवली. सून दारात उभी होती, तीही काही बोलत नव्हती.

गळा झाला, उजवा गाल झाला. जबड्याच्या कोपऱ्यावर रक्ताचा एक बारीक थेंब आला. त्यांनी डोळे न उघडता हाताने फळीवरची तुरटी दाखवली. मी ती ओली करून लावली. मग डावी बाजू केली, तोंड पुसले आणि आरसा पुढे धरला. त्यांनी आरशात पाहिले नाही. थरथरत्या बोटांची मागची बाजू गालावरून खालून वर फिरवली, आधी उजव्या, मग डाव्या, आणि कानाखाली येऊन बोटे थांबली.

“इकडं राह्यलं थोडं,” ते म्हणाले.

मी पुन्हा फेस केला.